मेंढरं बसली तितकी वर्षं

त्या दिवशी शाळेच्या वऱ्हांड्यात इतकी माणसं व्हती. मी. माझी नात. माझा ल्योक, म्हणजे नातीचा बाप. अंगणवाडीची ताई. ग्रामसेवक. शाळेचे मोठे मास्तर. ठाण्यातून आलेली पोलीसबाई. हिंगोलीहून जीपमधून आलेली मॅडम, लेकरांच्या संरक्षणाच्या हापिसातली. आन नवऱ्या मुलाचा मामा. नऊ जण झाले. नावं सांगत न्हाई. समदे हयात हायेत, आन एकमेकाच्या दारावरून रोज जाणारे हायेत.

मला सहीपुरतं लिहिता येतं. बाकीचं मी सांगते, नात उतरवून घेती. मधीच म्हणती, "आज्जे, हे नको." मी म्हणते, लिही.

आमी मेंढरावाले. घर साखऱ्याकडं, पण आमची अर्धी जिंदगी घराभायेर. दिवाळी झाली की मेंढरं निघतात. शेतवाले बोलवतात, रानात मेंढरं बसवा म्हणतात, तेवढंच रानाला खत. मग जाळीचं वाघूर ठोकायचं, त्यात मेंढरं कोंडायची, दोन-चार दिस राहायचं, पुढं निघायचं. मिरगाच्या तोंडाला घरी.

म्हणून आमच्यात वय पंचांगावर मोजत न्हाईत. फाल्गुनात लोकर कातरायची असती. त्या टायमाला मेंढरं कुठं बसली व्हती, ते समद्यांच्या ध्यानात राहतं. माझा ल्योक झाला ते येलदरीच्या पाण्याकाठच्या साली. माझा मालक गेला ते औंढ्याच्या डोंगराखालच्या साली. असं. साल इचारलं तर सांगता येत न्हाई, रान इचारलं तर डोळ्यापुढं उभं राहतं. कोणत्या झाडाखाली चूल व्हती, पाणी कोणत्या अंगाला, शेतवाली बाई कशी, ताक द्यायची का न्हाई द्यायची.

नात झाली कुरुंद्याकडच्या हळदीच्या रानात. हळद काढून झाली व्हती. बांधाच्या पलीकडं मोठाल्या कढयांत हळद शिजत व्हती. सकाळची येळ. वाफ अशी खालून खालून यायची, जमीन दिसायची न्हाई, मेंढरं नुसती डोकी घेऊन तरंगून राहिली म्हणा. वाघराला लुगडं टांगून आडोसा केला व्हता. तिथं लेकरू झालं. मी नाळ कापली. वाफंत लेकराचं रडणं आलं ते लई लांबून आल्यावानी वाटलं, आन व्हतं माझ्या हातात. हाताला, लुगड्याला, दाव्याला समद्याला पिवळं लागलेलं. शेतवाली बाई हसून म्हणली, "हिला हळद लावायचं काम उरलं न्हाई आता."

माझी सून तवा नातीच्या आत्ताच्या वयापेक्षा बी ल्हान व्हती. मीच तिला करून आणली व्हती, पंधराची. तवा मला ते ल्हान दिसलं न्हाई. मी बी तशीच आले व्हते, मला काय दिसणार?

तीन सालं गेली. सून दुसऱ्यांदा अडली ती वारंगा फाट्याच्या पुढं, रस्त्यावर. एका मालट्रकवाल्यानं घेतलं. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले व्हते. खालून रस्ता पळून राहिला, दोन्हीकडची झाडं पळून राहिली. तिचं डोकं लई गरम लागत व्हतं. मग न्हाई लागलं. दवाखाना अजून पुढं व्हता. दोघं बी गेली, माय आन पोटातलं.

त्या सालापासून मी मेंढरामागं जाणं सोडलं. फकस्त लोकर कातरायला जायचे, चार-आठ दिस. एरवी नातीला घेऊन घरी. पण घरी बसून पोट चालत न्हाई. मी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायचे, दिवस बुडता यायचे. लेकरू अंगणवाडीत. अंगणवाडी दुपारी सुटायची. त्याच्या पुढं लेकरू एकटं. आमच्या आळीला इहीर हाये, तिला कठडा नव्हता.

एक दिस मी लवकर आले, खुरपं तुटलं म्हणून. बघते तर पोरगी इहिरीच्या काठावर पालथी पडून आत बघून राहिली. पाण्यात तिचं तोंड दिसत व्हतं, तिच्याशी ती बोलून राहिली. मी हाक मारली न्हाई. हाक मारली आन दचकली तर? पायतान काढून गेले मागून, पाय धरले, वढली. तिनं मला इचारलं, "आज्जे, खाली कोण हाये?"

दुसऱ्या दिशी मी तिला शाळेत घेऊन गेले.

शाळा पाचापर्यंत असती. दुपारी खिचडी असती. दाराला कडी असती. माझं एवढंच म्हणणं व्हतं. पण पहिलीत घ्यायला लेकरू सहाचं लागतं, आन ही व्हती चारची. तवाचे जुने गुरुजी एक करायचे. लेकराला उभं करायचे आन म्हणायचे, डोक्यावरून हात ने आन दुसऱ्या अंगाचा कान धर. कान हातात आला तर लेकरू सहाचं. न्हाई आला तर पुढल्या साली ये.

मला हे ठाऊक व्हतं. मी घरी तिच्याकडून करून घेतलं व्हतं. मान वाकडी कर, म्हणलं. अजून कर. खांदा वर घे. ती हसायची, पडायची. तीन-चार दिस चाललं. शाळेत गुरुजींपुढं तिनं मान अशी वाकडी केली की कानच हाताकडं आला. गुरुजी हसले. "जन्मली कवा?" म्हणले. मी म्हणले, "सहा भरली." "तारीख?" "रानात जन्मली गुरुजी, तारीख कुठली आमाला." मग गुरुजींनी सगळ्यांची लिहायचे तशी जूनची एक तारीख लिहिली, आन सहा वर्सं मागचं साल. तवा मला सही येत नव्हती, मी अंगठा केला.

मला काही वाटलं न्हाई. घरी येताना पोरीच्या हातात पाटी व्हती, ती वाळूत वढत चालली व्हती. मला वाटलं, आता इहीर हिला बोलवणार न्हाई.

पोरगी शिकत गेली. वर्गात कायम समद्यात बुटकी. रांगेत पयली. तिच्या मैतरणींना साडी नेसवली तरी ही झंपर-परकरातच. ती मला इचारायची, "आज्जे, माझीच उंची काहून वाढत न्हाई?" मी म्हणायचे, "माय तुझी बुटकी व्हती." गावची शाळा झाली, मग सेनगावला एसटीनं जाऊन बारावी झाली. पास झाली. तिला नर्सचं शिकायचं व्हतं.

आन मेंढरं घरी आली, तसं ल्योक म्हणला, "माय, पोरीचं जमवलंय. नात्यातलंच हाये. पोरगा कळमनुरीकडचा, मेंढरं हायेत, चार एकर हाये."

मी म्हणले, "इतक्यात?"

"इतक्यात काय? जूनला अठरा भरले. मी थांबलोच व्हतो ना. मी कायद्याभायेर जाणारा माणूस न्हाई, माय. मास्तरचा दाखला काढून ठेवलाय."

त्यानं खिशातून दाखला काढून मला दाखवला. मला वाचता येत न्हाई, पण त्याच्यावर काय लिहिलंय ते गावात माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्याला बी दोष देत न्हाई मी. तो साल-साल रानात असायचा, पोरीच्या शाळेचं मीच बघायचे. त्याला वाटायचं, कागद हाये तर बराबर हाये. आन खरं सांगायचं तर कागद त्याच्या सोयीचा व्हता. "आठ म्हयने मी घरी नसतो," म्हणला. "तू म्हातारी. वयात आलेली पोरगी मी कोणाच्या भरवशावर ठेवू?" 

अंगणवाडीची ताई आली ती संध्याकाळी पाण्याला जाताना सहज आल्यावानी आली. कळशी खाली ठेवली. "मावशी," म्हणली, "लग्न ठरलं म्हणं."

"व्हय."

"माझी पोरगी आन तुमची नात माझ्याकडं एका साली व्हत्या अंगणवाडीत. झोळीच्या काट्यावर एकामागं एक वजन करायचे मी दोघींचं. माझी आता सोळाची हाये."

मी ज्वारी निवडून राहिले व्हते. निवडतच राहिले.

"ग्रामसेवकाला मी सांगितलं. लग्न थांबवायचा अधिकार त्यांचा असतो. त्यांनी शाळेचा दाखला बघितला. म्हणले, ताई, अठरा पूर्ण हायेत, मी काय करू? आता मावशी, एक तर मी चुकून राहिले, न्हाईतर दाखला."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटून काय व्हतं?" ताई म्हणली. "माझ्याकडं गावातली खबर असती. कायदा ग्रामसेवकाकडं. दाखला मास्तरकडं. गाडी पोलिसाकडं. लेकरांची समिती हिंगोलीला. आमी समदे एका जागी आलो तरच कायतरी व्हतं. आन एका जागी यायला आधी एकानं तरी खरं सांगावं लागतं."

ती कळशी घेऊन गेली. मी काही सांगितलं न्हाई.

भ्यायले व्हते. खोटा अंगठा केला म्हणून म्हातारीला उचलून नेतील, हे एक. पोरीची बारा वर्षांची शाळा खोटी ठरली तर तिचा पास झालेला कागद फाडून टाकतील, हे दुसरं. आन ल्योक काय म्हणल, ते तिसरं. त्याच राती पोरगी माझ्याजवळ झोपायला आली तवा तिनं इचारलं, "आज्जे, मी खरंच अठराची हाये का?"

मी म्हणले, "कागद म्हणतो ना."

तिनं कूस बदलली. ह्या जिंदगीत मी दोनदा खोटं बोलले तिच्या वयाचं. पयल्यांदा बोलले ते तिच्यासाठी. दुसऱ्यांदा माझ्यासाठी.

दुसऱ्या दिशी दुपारी लिंबाखाली पडले व्हते. ऊन इतकं की आळीत कुत्रं बी नव्हतं. मेंढरं सावलीला गोळा होऊन एकमेकाच्या पोटाखाली तोंडं घालून उभी. डोळा लागला का न्हाई, सांगता येत न्हाई. सून दिसली. ती वाघूर ठोकून राहिली व्हती, खुंट्याला गाठ मारून राहिली व्हती. मला तिनं बघितलं बी न्हाई. आजूबाजूला वाफ. मी तिच्या हाताकडं बघत बसले. गाठ बसत नव्हती, बांगड्या कोपरापर्यंत जायच्या आन परत पंजावर यायच्या, निघून पडतील अशा. मी त्या बांगड्या भरल्या व्हत्या तिला, लग्नात. कासाराला मी म्हणले व्हते, मोठ्या मापाच्या भर, पोरगी भरंल पुढं. ते हात लेकराचे व्हते. समोर ठेवून बघावं तसे दिसले मला, पयल्यांदा. सुनेला घरात येऊन सतरा-अठरा वर्षं झाली आन मी तिचे हात त्या दिशी बघितले.

उठले. लिंबाची सावली माझ्यावरून सरकून गेली व्हती, अंग तापलं व्हतं. तशीच अंगणवाडीत गेले. ताई लेकरांना वाढून भांडी इसळून राहिली व्हती. मी उंबऱ्यातच सांगितलं, "ताई, चुकला तो दाखला. मीच चुकवला."

ताईनं भांडं खाली ठेवलं. हात पुसले. मला पाणी दिलं आन माझ्यापुढंच तीन फोन केले. तिसऱ्या फोनला ती म्हणली, "मॅडम, लग्न परवा हाये." तवा माझ्या ध्यानात आलं की दिस किती थोडे राहिले.

सकाळी शाळेत बोलवलं. सुरवातीला नऊ जण सांगितले ते तिथं. नवऱ्या मुलाचा मामा बस्त्यासाठी आला व्हता, तो बी ल्योकासंगं आला, धोतर सावरत, रागातच. पोरींच्या खोलीत मॅडमनं नातीला एकटीला नेलं आन दार लावून घेतलं. काय इचारलं, काय सांगितलं, मला ठाऊक न्हाई. ह्या जागी नात लिहायची थांबली हाये. मी म्हणले, सांगायचं नसलं तर राहू दे, पुढं लिही.

भायेर आल्यावर मॅडम म्हणल्या, "आजी, तुम्ही सांगा."

मी सांगितलं. कान धरायचं बी सांगितलं. मोठे मास्तर दाखलखारीजचं रजिस्टर मांडीवर घेऊन बसले व्हते, ते खाली बघून राहिले. ल्योक माझ्याकडं बघून राहिला.

मामा म्हणला, "वा इहीनबाई! लग्न मोडायचं व्हतं तर सरळ सांगायचं. बारा वर्सं म्हातारीला याद आली न्हाई, आन बस्ता बांधल्यावर आली?"

"याद व्हती," मी म्हणले. "बोलले न्हाई."

"मग खरं वय किती?" ग्रामसेवकानं इचारलं.

"ते मला आकड्यात येत न्हाई, साहेब. रानं सांगते, तुमी मोजा."

मास्तरांनी खडू घेतला आन सालाला एक रेघ वढायला वऱ्हांड्याच्या फरशीवर वाकले. मी डोळे मिटले. "जन्मली कुरुंद्याकडच्या हळदीत. त्याची रेघ नका वढू, तिथून पुढच्या लोकरीची वढा. त्याच्या पुढच्या साली कळमनुरीच्या माळावर, तिथं पाणी नव्हतं, टँकरच्या मागं घागरी घेऊन पळायचो, ही पाठीला बांधलेली. पुढल्या साली ईसापूरच्या पाण्याकाठी, तिथं ही चालायची, पण पडायची जास्त. त्याच्या पुढं वारंगा फाट्याच्या अलीकडं. त्या साली सून गेली."

ल्योक उठून वऱ्हांड्याच्या कडेला जाऊन उभा राहिला.

"चौथ्या साली साखऱ्याच्या खालच्या अंगाला, घराजवळच. ती लोकर उतरली आन जूनमध्ये शाळेत घातली."

"चार रेघा," मास्तर म्हणले.

मी पुढं सांगत गेले. कयाधूच्या काठाला एक साल, तिथं शेतवाल्याची म्हैस आमच्यासंगं दोन कोस आली. एक साल तुरीच्या रानात. एक साल डोंगराखाली, तिथं लोकर भिजली. सांगता सांगता मला वाटाया लागलं की मी वऱ्हांड्यात न्हाईच. एकेक रान येऊन राहिलं आन जाऊन राहिलं, लोकर कातरायची कात्री वाजून राहिली, आन प्रत्येक रानात ती पोरगी थोडी थोडी वर येऊन राहिली. एका रानात ती कोकराला पाजते. एका रानात पाढे म्हणते. एका रानात मला कात्री मागते, आन मी देते.  खडू तेवढा वाजायचा.

"आन हे आत्ताचं," मी म्हणले, "सेनगावच्या वरच्या माळाला."

मास्तर म्हणले, "सोळा."

पोलीसबाई खाली बसली आन बोटानं एकेक रेघ परत मोजली. "सोळाच," म्हणली.

मामा हसला. "आता मेंढरं बोलवा साक्षीला! वय काय लेंड्या मोजून ठरवायचं व्हय? सरकारी दाखला एकीकडं आन म्हातारीची रानं एकीकडं!"

"तुमी गप बसा जरा," पोलीसबाई म्हणली. "लेंड्या मोजायची येळ आली तर तुमालाच सांगू."

ताईला हसू आलं, तिनं पदर तोंडाला लावला. मॅडम हसल्या न्हाईत. "आजी, तुमचं मला पटलं," म्हणल्या. "पण समितीपुढं नुसतं पटून चालत नाही. शाळेच्या दाखल्याला खोटं म्हणायचं तर दुसरा कागद लागतो. कोणी कुठं काही लिहून घेतलं होतं का? आठवा."

मी आठवलं. नर्सबाई. लेकरू दोन-तीन दिसाचं व्हतं. हळदीच्या त्याच रानात एक नर्सबाई आली व्हती, बांधावर गाडी लावून, खांद्याला बर्फाचा डबा. मी लेकरू देत नव्हते, टोचल्यावर ताप येतो म्हणून. ती म्हणली व्हती, "द्या हो आजी, मी पण आईच आहे." तवा मी आजी म्हणण्याजोगी बी नव्हते. तिनं मांडीवर मोठी वही उघडून मायचं नाव इचारलं व्हतं, लेकराची तारीख इचारली व्हती. तारीख शेतवाल्या बाईनं सांगितली, कढई कोणत्या दिशी चढवली ते तिला ठाऊक व्हतं.

"वही असंल," ताई म्हणली. "आमच्या वह्या फेकत न्हाईत." आन फोन घेऊन वऱ्हांड्याच्या टोकाला गेली. तिकडच्या दवाखान्यातल्या ताईला लावला, तिनं दुसरीला लावला, तिनं कपाट उघडायला कोणाला तरी धाडलं. आमी बसून राहिलो. दुपार झाली. पोरांची सुट्टी झाली, खिचडी झाली, मास्तरांनी आमाला बी खिचडी दिली. मामानं घेतली न्हाई, मग घेतली. ल्योक तसाच उभा. मी त्याला म्हणले, "बस." तो म्हणला, "तू बस, माय. तुझं झालं ना आता?"

मग ताईच्या फोनवर फोटो आला. मॅडमनं बोटांनी मोठा करून बघितला आन वाचून दाखवला. सुनेचं नाव व्हतं. मुलगी, लिहिलं व्हतं. पत्त्याच्या जागी लिहिलं व्हतं: मेंढीवाले, हळदीचं रान. आन तारीख व्हती.

सून गेल्यापासून तिचं नाव कोणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. वऱ्हांड्यात घेतलं गेलं, एका परक्या बाईच्या तोंडून. ल्योक तवा खाली बसला.

ग्रामसेवकानं लिहून घेतलं. लग्न थांबवल्याची नोटीस दिली, ल्योकाला समजावून सांगितलं की आता केलं तर गुन्हा. त्यानं सही केली. माझा जबाब पोलीसबाईनं घेतला. मी इचारलं, "मला नेणार का?" ती म्हणली, "खोटं बोलला ते बी लिहिलं, आजी. आज खरं बोलून राहिलात ते बी लिहिलं. इथं अंगठा करा." मी म्हणले, "सही येती मला." आन सही केली.

मामा जाता जाता म्हणला, "आमच्या पोराला पोरी काय कमी हायेत." खरं हाये, कमी नसतील. तिकडं बी कोणी वह्या उघडून बघाव्यात, एवढंच मी मनात म्हणले.

हिंगोलीच्या समितीपुढं आमाला दोनदा नेलं. तिथं लांब टेबल व्हतं, त्याच्यावर त्यांनी समदे कागद शेजारी शेजारी मांडले: मास्तरचा, नर्सबाईच्या वहीचा, ताईचा, माझा. पोरीच्या हाताच्या हाडाचा फोटो बी काढला. डॉक्टरनं सांगितलं, अठराची न्हाई. मग समितीनं ठरवलं, पोरगी माझ्याजवळ राहील, ताई आठवड्याला येऊन बघून जाईल, पोलीसबाई फोन करंल, आन मेंढरं निघाली की ग्रामसेवक घरी चक्कर मारतील. बापाला भीती व्हती ना, कोणाच्या भरवशावर ठेवू? त्याचं उत्तर मला देता आलं नव्हतं. ते ह्या चौघांनी मिळून दिलं. कठड्याचं बी ताईनं बैठकीत काढलं. आमच्या इहिरीला आता कठडा हाये.

पण समदं गोड झालं असं न्हाई. खरी तारीख लागली तशी नर्सच्या कोर्सला वय कमी पडलं. एक साल घरी बसावं लागलं. ती माझ्यावर चिडली. "आज्जे, आधी दोन वर्सं घातलीस, आता काढून घेतलीस!" म्हणली. मी भाकरी थापून राहिले व्हते. म्हणले, "व्हय."  त्या साली ती माझ्यासंगं खुरपायला आली, हाताला घट्टे पडले. लग्न मोडलेली पोरगी म्हणून बायका कुजबुजायच्या, ती खाली मान घालून तण काढायची. पुढल्या साली गेली शिकायला. आता पांढरे कपडे घालून सुट्टीला घरी येती.

ल्योक माझ्याशी लई दिस बोलला न्हाई. आता बोलतो, मोजकं. ह्या फाल्गुनात लोकर कातरायला गेले तवा त्यानं माझ्यापुढं ताट ठेवलं आन म्हणला, "माय, तिला अठरा आता झाले. खरे." मी म्हणले, "व्हय, झाले." तो म्हणला, "मी लग्नाचं न्हाई म्हणून राहिलो. नुसतं सांगितलं." आन मेंढरामागं गेला. धुरळ्यात तो बी दिसेना, मेंढरं बी दिसेनात, घंटा तेवढी ऐकू येत राहिली.

हे वाचणाऱ्याला माझं एवढंच सांगणं. घरात लेकरू झालं की त्याच दिशी तारीख लिहून ठेवा, लिहिता येत न्हाई तर लिहिणाऱ्याकडं जा. शाळेत तीच सांगा, एका दिसानं बी वाढवू नका. आन तुमच्या आळीतल्या एखाद्या पोरीचं खरं वय तुमाला ठाऊक असंल, आन तिच्या दारी मांडव घालून राहिले असतील, तर उठा आन अंगणवाडीत जाऊन सांगा.